चुडाव्याची सुलाबाई

संक्रांत होऊन आठेक दिवस झाले असतील. परभणीत गंगाखेड नाक्याच्या अलीकडे महालिंग डॉक्टरांचा पंधरा खाटांचा दवाखाना होता. तिथं एका दुपारी सेलूचे किशनराव आले. सरकीचा मोठा व्यापार, अंगावर कडक इस्त्रीचं धोतर, पण माणूस आतून पार वाळून गेलेला. महिन्यापूर्वीच त्यांचा थोरला मुलगा मुंबईच्या दवाखान्यात वारला होता. काय झालं होतं म्हणून कुणी विचारलं की ते कावीळ म्हणून सांगत. महालिंग डॉक्टरांना मात्र त्यांनी खरं सांगितलं, कारण खरं सांगावं असा त्या मुलखात तेवढा एकच डॉक्टर होता.

त्यांनी हातातली कापडी पिशवी टेबलावर ठेवली. आत औषधाच्या चौदा बाटल्या होत्या. एकीचंही सील फुटलेलं नव्हतं.

"पोरासाठी पुढच्या महिन्यांच्या म्हणून आणून ठेवल्या होत्या. तो काही थांबला नाही," किशनराव म्हणाले. "तुमच्याकडं त्याच रोगाचं कुणी असंल तर त्याला द्या. जवान माणूस असंल तर बरं."

डॉक्टरांनी एक बाटली उचलून लेबल वाचलं आणि हलकेच परत ठेवली. एड्सच्या विषाणूवर चालणारं, त्या काळी आपल्याकडं मिळणारं ते एकमेव औषध. डॉक्टरांनी त्याबद्दल वाचलेलं होतं, दवाखान्यात ते पहिल्यांदाच आलं होतं. एका बाटलीला दोन हजार रुपये पडत.

मनकर्णा त्या वेळी कोपऱ्यातल्या शेगडीवर सुया उकळत उभी होती. तिनं वळून बघितलं नाही, पण तिच्या कानात प्राण गोळा झाले. चौदा बाटल्या, एकेकीत शंभर कॅप्सूल. दिवसाला पाच-सहा लागतात हे डॉक्टरांच्याच तोंडून तिनं ऐकलं होतं. म्हणजे एका माणसाला आठ-नऊ महिने. हे गणित तिनं मनातल्या मनात इतक्या झटक्यात केलं की तिचं तिलाच भ्या वाटलं. कारण त्या गणितातलं एक माणूस म्हणून तिला दुसरं कुणी दिसलंच नव्हतं.

मनकर्णा त्या दवाखान्यात सात वर्षं नर्स होती. वय तेहतीस. तिचा नवरा जिनिंगच्या कारखान्यात फिटर होता. दोन वर्षांपूर्वी खोकून खोकून, झिजून झिजून गेला. कागदावर क्षय लिहिलं होतं आणि तिनंही तेच धरून ठेवलं होतं. पण पुढं महालिंग डॉक्टरांकडे तसलेच पेशंट येऊ लागले. तोंडात तसलाच पांढरा थर, तसलीच न थांबणारी हगवण, तसलेच खोल गेलेले डोळे. रोज त्यांचं करता करता एक दिवस नवऱ्याचं खरं दुखणं तिच्या ध्यानात आलं.

दिवाळीच्या तोंडावर तपासणीसाठी दहा जणांचं रक्त औरंगाबादला जायचं होतं. दुपारी ड्रेसिंगच्या खोलीत कुणी नव्हतं. मनकर्णानं दाताखाली रबरी नळी धरून स्वतःचा दंड आवळला, सुई घातली आणि अकरावी बाटली भरली. लेबलावर नाव, वय, गाव लिहायचं होतं.  जे नाव पहिलं सुचलं ते लिहिलं, सुलाबाई. गाव लिहिलं चुडावा. नांदेडला जाता-येता गाडीतून त्या स्टेशनाची पिवळी पाटी तिनं कितीदा तरी पाहिली होती. तिथं उतरायची वेळ कधी आलीच नव्हती.

दिवाळी सरता सरता कागद आले. डॉक्टर एकेक वाचत होते आणि मनकर्णा रजिस्टरात उतरवून घेत होती. "सुलाबाई, चुडावा. पॉझिटिव्ह," डॉक्टर म्हणाले, आणि जरा थांबून, "ही कोण? आठवत नाही." ताप घेऊन आली होती, परत येईल, असं मनकर्णानं सांगितलं. 

तेव्हापासून तिचं जगणं म्हणजे जीव मुठीत धरून चालणं झालं. सोमवारी सकाळी कुणी यायच्या आत ती दवाखान्याच्या काट्यावर उभी राही. एक्कावन्न. मग पन्नास. संक्रांतीला अठ्ठेचाळीस. आरसा घेऊन उजेडात जीभ बघे. अकरा वर्षांच्या लेकीची फणी तिनं वेगळी केली, पांघरूण वेगळं केलं. असं करायची गरज नसते हे ती रोज पेशंटच्या नातेवाइकांना समजावून सांगत होती. स्वतःला मात्र समजावता येत नव्हतं. आपण मेलो तर लेक कुणाच्या दारात उभी राहील, आणि मरायच्या आधी लोकांना कळलं तर ती कुणाच्या दारात उभी तरी राहू शकेल का, या दोन विचारांच्या मधोमध ती भरडून निघत होती.

चौदा बाटल्या तिनंच कपाटात ठेवल्या. कपाटाची किल्ली तिच्याच कमरेला असायची.

तिसऱ्या खाटेवर बन्सीधर होता. देवगाव फाट्यावर त्याचं पंक्चरचं दुकान. वय सत्तावीस, वजन पस्तीस. त्याची बायको कडूबाई दिवसभर त्याची फडकी धुवायची आणि रात्री खाटेखाली झोपायची. मुंबईचं औषध आल्याची कुणकुण संध्याकाळपर्यंत सगळ्या वॉर्डात गेली होती. कडूबाईनं मनकर्णाला मोरीपाशी गाठलं आणि वाकून पायाला हात लावला. मनकर्णा पाय मागं घेत म्हणाली की माझ्या हातात काही नाही, डॉक्टर ठरवतील. हे म्हणताना कमरेची किल्ली मांडीला टोचत होती.

दोन दिवस डॉक्टर वहीत काहीतरी मांडत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मनकर्णाला समोर बसवलं. महालिंग डॉक्टर मितभाषी. कपाळावर भस्म, गळ्यात इष्टलिंग, पेशंटला हात लावताना कधी हातमोजा शोधत बसत नसत. त्यांनी सांगितलं ते असं. हे औषध रोग बरा करत नाही. बन्सीधरसारख्याला त्यानं सहा-आठ महिने वाढून मिळतील, कदाचित वर्ष. पुढं विषाणू औषधाला सरावतो. शिवाय ते अंगातलं रक्त कमी करतं, आणि बन्सीधरच्या अंगात आधीच रक्त नाही. दुसरीकडे, आपली माणसं मरतात ती या विषाणूनं नव्हे. मरतात क्षयानं, न्यूमोनियानं, हगवणीनं. न्यूमोनिया अडवणारी सल्फाची गोळी रुपयाच्या आत येते. क्षयाचा पूर्ण कोर्स दोन हजारांत बसतो. या बाटल्या परत करून वीसेक हजार आले, तर आपल्या यादीतल्या सगळ्यांना दीड वर्ष रोज ती गोळी देता येईल आणि वर पाच-सहा जणांचा क्षयही निघेल.

"एकाला आठ महिने, की सगळ्यांना थोडं थोडं," डॉक्टर म्हणाले. "वहीत बघितलं तर उत्तर सरळ आहे. खाटेकडं बघितलं की सरळ राहत नाही."

 सगळ्यांना मिळालं तर आपल्यालाही मिळेल, हे आधी मनकर्णाच्या ध्यानात आलं. आणि यादीत आपलं नाव नाही, हे नंतर.

डॉक्टरांनी यादी पुढं सरकवली. "तेवीस आहेत. बावीस येतात. ही चुडाव्याची बाई एकदाही आली नाही. सगळ्यांना द्यायचं ठरवलं तर तिला सोडून कसं चालेल? आणि ती मेली असेल तर हिस्सा दुसऱ्याला जाईल. उद्या पॅसेंजरनं जाऊन बघून या. क्षयाच्या तपासणीसाठी आले म्हणा, बाकी बोलू नका."

 नाही म्हणायला मनकर्णाला कारण सापडेना. सगळी रात्र तिनं एक बेत पक्का करण्यात घालवली. चुडाव्याला उतरायचं, स्टेशनावर बाकड्यावर बसायचं, परतीची गाडी धरायची आणि अशी कुणी बाई गावात नाही म्हणून सांगायचं. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा होऊन पंधरा दिवसही उलटले नव्हते. जिल्ह्यात ठिकठिकाणी बंदोबस्त होता आणि चुडाव्याच्या फलाटावरही एक पोलीस खुर्ची टाकून बसला होता. गाडीतून उतरलेली माणसं गावाकडं निघून गेली. पांढऱ्या साडीतली एकच बाई बाकड्यावर बसून राहिली. तो उठून जवळ आला आणि कुणाकडं जायचं म्हणून विचारू लागला.  मनकर्णाला दुसरं कुठलंही नाव घेता आलं असतं. तोंडातून निघालं ते तीन महिने आत कोंडलेलंच नाव.

"सुलाबाई."

"आश्रुबाची सुलाबाई का?" फलाटावर बोरं विकत बसलेली म्हातारी म्हणाली. "चला की, आमच्याच गल्लीतली हाय. मी दावते."

पोलिसाला बसून बसून कंटाळा आला होता. तोही निघाला. वाटेत कुणी विचारलं की म्हातारी मोठ्यानं सांगायची, परभणीहून दवाखान्याची बाई आलीय, सुलीला शोधायलीय. घर येईपर्यंत मागं दहा-बारा माणसं झाली होती.

सुलाबाई अंगणात तुरीच्या शेंगा बडवत होती. चाळिशीची, धट्टीकट्टी, हातात ढोपरापर्यंत हिरवा चुडा. गर्दी बघून ती उभी राहिली. तिचा नवरा आश्रुबा गोठ्यातून बाहेर आला. मनकर्णानं कसंबसं सांगितलं की क्षयाची तपासणी चालू आहे, नाव यादीत होतं म्हणून आले, पण चूक दिसते, मी निघते. सुलाबाई म्हणाली की मला कसला क्षय, मी परभणीच्या दवाखान्याची पायरीसुद्धा चढले न्हाई.

इथं संपायला हवं होतं. पण गर्दीतल्या एका माणसानं दवाखान्याचं नाव विचारलं आणि पोलिसानं ते मनकर्णाच्या पिशवीवरचं वाचून सांगितलं. तो माणूस ट्रकवर क्लीनर होता. त्यानं गंगाखेड नाक्यावरचा तो दवाखाना ऐकला होता. तो आश्रुबाच्या कानाशी लागला, पण बोलला सगळ्यांना ऐकू जाईल असं. तिथं क्षयाचे न्हाई, एडसचे पेशंट असतेत.

 मागची बाई पदर तोंडावर ओढून दोन पावलं मागं सरली. मग तिच्या शेजारची. आश्रुबानं बायकोकडं बघितलं. तो ओरडला नाही, हात उचलला नाही, नुसतं बघत राहिला आणि फार हळू आवाजात विचारलं, "परभणीला कव्हा गेलती तू? मी उसाला गेलतो तव्हा?"

सुलाबाईच्या हातातलं दांडकं खाली पडलं. ती न्हाई न्हाई म्हणत होती, सासूकडं बघत होती, पोलिसाकडं बघत होती. तिच्या तोंडावर जे उतरलं ते मनकर्णानं ओळखलं. तेच तोंड ती रोज आरशात बघत होती. कागदावर खाडाखोड करून हे मिटणार नव्हतं. आपण गाडीत बसून निघून जाऊ आणि ही बाई याच अंगणात राहील, हे तिला स्पष्ट दिसलं. 

"ते रक्त माझं हाय," मनकर्णा म्हणाली. "खोटं नाव मी लिहिलं. या बाईला मी आज पहिल्यांदा बघायलीय."

कुणी विश्वास ठेवेना. मग तिनं सगळंच सांगितलं. नवऱ्याचं, दिवाळीचं, लेबलाचं, गाडीतून दिसणाऱ्या पाटीचं. सांगता सांगता तिच्याभोवतीचं अंगण रिकामं होत गेलं. लोक बांधाला, भिंतीला जाऊन टेकले. कुणीतरी तिच्यासाठी पाण्याचा तांब्या आणून ओट्यावर ठेवला होता, तो आश्रुबाच्या आईनं उचलून आत नेला. सुलाबाई तेवढी समोर उभी राहिली.

"माझं नाव कामून घेतलं?" तिनं विचारलं. "मी काय केलतं तुमचं?"

 मनकर्णानं हात जोडले आणि स्टेशनाकडं चालू लागली. पोलीस पोचवायला आला, पण दहा पावलं अंतर ठेवून.

परत येईपर्यंत दिवे लागले होते. तिनं ओपीडीत जाऊन, उभ्या उभ्याच, डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.  मग त्यांनी तिला बॅटरीच्या उजेडात जीभ दाखवायला लावली, मान चाचपली, काट्यावर उभं केलं. सत्तेचाळीस. यादीतलं सुलाबाईचं नाव खोडून तिथं तिचं नाव, तिचं वय, तिचा पत्ता लिहिला.

"तीन महिने औषधाविना काढले तुम्ही," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांसमोर. ते मला आधी दिसायला हवं होतं." मग किल्लीसाठी हात पुढं करून म्हणाले, "या हिशेबाला आता तुम्ही बसू नका. तो मोह तुम्हालाही नको, मलाही नको."

तिनं किल्ली दिली. कमर हलकी झाली असं काही तिला वाटलं नाही. उलट दुसऱ्याच्या हातात आपला जीव गेला म्हणून ती आणखीच भ्यायली.

डॉक्टरांनी किशनरावांना बोलावून घेतलं, कारण वस्तू त्यांची होती. मनकर्णा बाहेर पडद्याआड होती, तिला सगळं ऐकू येत होतं. डॉक्टरांनी वही उघडून दोन्ही बाजू सांगितल्या. किशनराव म्हणाले, "माझ्या पोराला या औषधानं चार महिने जास्त मिळाले असं मुंबईचे डॉक्टर म्हणाले. ते चार महिने तो ओकतच होता. तरी मी म्हणेन, एक दिवससुद्धा कमी नको होता मला. पण मी बाप आहे. तुमच्याकडं तेवीस जणांचे बाप आहेत."

बिलं त्यांनी जपून ठेवली होती. चौदा बाटल्या त्यांनीच परत नेल्या, ओळखीच्या दुकानदाराला गळ घातली आणि पंधरा दिवसांनी एकवीस हजार आणून दिले. वर स्वतःचं काही घातलं होतं का, ते डॉक्टरांनी विचारलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या. चुडाव्यातली गोष्ट परभणीत यायलाही फार दिवस लागले नाहीत. घरमालकानं खोली सोडायला सांगितली, तेही लेकीच्या देखत, तिला कळू नये असं काहीच बाकी न ठेवता. लेक दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सामान बांधताना तिनं दोन्ही फण्या एकाच डब्यात टाकल्या. मनकर्णानं एक बाजूला काढली, लेकीनं परत टाकली. डॉक्टरांनी दवाखान्याच्या मागची खोली त्यांना दिली. झाडलोट करणारी पंचफुला मनकर्णाचा चहाचा पेला वेगळा ठेवू लागली आणि मनकर्णानं तिला कधी बोल लावला नाही.

बन्सीधर होळीनंतर गेला. न्यूमोनिया त्याला गोळी सुरू व्हायच्या आधीच धरून बसला होता. बाटल्या असत्या तर किती दिवस निघाले असते ते डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं. शेवटच्या रात्री मनकर्णाचीच ड्यूटी होती. श्वास घेताना त्याच्या बरगड्या एकेक मोजता येत होत्या. प्रत्येक श्वासागणिक तिच्या मनात येत होतं की याला मिळाले असते त्या आठ महिन्यांतला एक तुकडा माझ्या हिश्शाला आला आहे.

वैशाखात कडूबाई आली. तिचाही कागद पॉझिटिव्ह आला होता, गोळ्या न्यायला ती महिन्याला यायची. त्या दिवशी ती गोळ्या घेऊन उठली नाही. ओपीडी रिकामी होईपर्यंत भिंतीला टेकून बसली.

"बाई, ते मुंबईचं औषध आमच्या मालकासाठी व्हतं का?" तिनं विचारलं.

मनकर्णाला नाही म्हणता आलं असतं. डॉक्टर बाहेरगावी होते, सांगायला दुसरं कुणी नव्हतं. ती कडूबाईसमोर खाली फरशीवरच बसली.

"होतं," ती म्हणाली. "त्याला दिलं असतं तर काही महिने मिळाले असते. ते न देता सगळ्यांच्या गोळ्या आणल्या. तुमच्या हातात हायत त्या त्यातल्याच. मी पण त्याच खाते."

कडूबाईनं हातातल्या कागदी पुडीकडं बघितलं. मनकर्णाला वाटलं, ही आता ती तोंडावर फेकेल. फेकली असती तर तिला बरंच वाटलं असतं.  कडूबाईनं पुडी सोडून गोळ्या पदरावर ओतल्या आणि बोटानं एकेक सारू लागली.

"हे कुणी ठरवलं? डॉक्टरनं?"

"डॉक्टरांनी आणि ज्याचं औषध होतं त्यानं. मला त्या हिशेबातून उठवलं होतं."

"तुमाला ठरवाय लावलं असतं तर?"

मनकर्णानं पहिल्यांदाच तिच्याकडं सरळ बघितलं. "मी मला दिलं असतं," ती म्हणाली. "त्या दिवशी तरी मला दुसरं कुणी दिसलं नव्हतं."

कडूबाईनं मान हलवली. होय म्हणाली की नाही, ते कळलं नाही. तिनं गोळ्या परत पुडीत भरल्या, पुडी कमरेला खोचली आणि देवगाव फाट्याच्या गाडीला अजून अवकाश आहे का म्हणून विचारलं. अर्धा तास होता. तो अर्धा तास दोघी ओपीडीत बसून राहिल्या. बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं. गाडीची वेळ झाल्यावर कडूबाई उठली, आणि दारात थांबून म्हणाली की पुढच्या महिन्यात पोरीलाबी आणते, तिचं रक्त काढायचं राहिलंय, मला एकटीनं तिला आणायचं लय भ्या वाटतंय, तर तुमी फाट्यापत्तुर याल का.

मनकर्णा म्हणाली, येते.